पुलाखाली उभा राहील त्याला घर

लिहून देणार: मी, जिला या गावात लहानथोर सगळे ड्रायव्हरबाई म्हणतात ती. वय एकोणऐंशी. धंदा: आधी लष्करात पाण्याची गाडी चालवणे, मग नगरपालिकेत पाण्याची गाडी चालवणे, मग नगरपालिका चालवणे, मध्ये पाच वर्षं राज्याच्या विधानसभेत बसणे, आणि सध्या घरी बसून सगळ्यांना हैराण करणे.

कारणे मृत्युपत्र लिहून ठेवते की, माझ्या पश्चात घरात तंटाबखेडा होऊ नये. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांदेखत थोडा झाला तर मला चालेल, पण पश्चात नको, कारण तेव्हा मला बघायला मिळणार नाही.

मी पूर्ण शुद्धीवर आहे. बुधवारी डॉक्टर घरी आले, त्यांनी नाडी पाहिली आणि विचारलं, आज वार कोणता? मी म्हटलं, बुधवार, आणि तुमच्या शर्टाचं दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलंय. त्यांनी तिथल्या तिथे दाखला लिहून दिला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला दोघे-तिघे येऊन गेले, त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मृत्युपत्र कसं लिहायचं ते वकीलसाहेबांनी सांगितलं. हे वकीलसाहेब माझ्याविरुद्ध तीन वेळा निवडणुकीला उभे राहिले आणि तिन्ही वेळा पडले, त्यामुळे माणूस भरवशाचा आहे. ते म्हणाले, "ड्रायव्हरबाई, मृत्युपत्रात गोष्टी सांगायच्या नसतात. कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहा."

मी म्हटलं, "मग वस्तू आली कुठून हे घेणाऱ्याला कळणार कसं?"

ते म्हणाले, "कलमं तरी घाला."

म्हणून कलमं घालते आहे. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. लिहायला हात बसला तो लष्करात, गाडीची नोंदवही भरून भरून. गाडी, माल, जायचं ठिकाण, परत येण्याची वेळ. चौदा वर्षं रोज हेच चार रकाने लिहिले. त्यामुळे अक्षर चांगलं आहे, फक्त चार रकान्यांच्या पुढे गेलं की भरकटतं.

कलम पहिले. हत्तीण.

हत्तीण म्हणजे माझी गाडी. हिरवी, सहा चाकी, मागे पाण्याची टाकी. लष्कराने लिलावात काढली तेव्हा मी घेतली. ती मागच्या अंगणात पत्र्याखाली उभी आहे आणि पहिल्या किल्लीला सुरू होते. दर रविवारी मी तिला गावाबाहेर एक चक्कर मारून आणते, हे माझ्या सुनेला आवडत नाही. ती म्हणते, "या वयात, आई?" मी म्हणते, "गाडीचं वय काढू नकोस, तिला वाईट वाटतं."

हत्तीण, तिच्याबरोबरचे पाने, जॅक, ग्रीसची पिचकारी आणि सीटवरची फाटकी गोधडी माझ्या नातीला द्यावी. नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी. इस्पितळात नर्स आहे, रुग्णवाहिकेवर तिची पाळी असते. मागच्या वर्षी तिने जड वाहनाचा परवाना काढला. परीक्षा घेणारा तिला म्हणाला, "ताई, जमेल का?" तिने गाडी उलटी नेऊन त्याच्या खुर्चीपासून वीतभर अंतरावर थांबवली. तो खुर्चीसकट उठला. नातीने मला हे सांगितलं तेव्हा मी इतकी हसले की कवळी बाहेर आली.

कलम दुसरे. ओळंबा.

पितळेचा ओळंबा माझ्या नवऱ्याचा. त्यांना मी आणि गाव पुलवाले म्हणत आलो. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. लष्करात ते पूल बांधणाऱ्या तुकडीत होते आणि मी पाणी पोचवणाऱ्या तुकडीत. आमची ओळख कशी झाली ते सांगितल्याशिवाय पुढचं कलम कळायचं नाही, तेव्हा वकीलसाहेबांनी इथे डोळे मिटून घ्यावेत.

लढाईचं दुसरं वर्ष. नदीच्या पलीकडे आपली माणसं दोन दिवस पाण्यावाचून होती. नदीचं पाणी पिण्यासारखं राहिलं नव्हतं, त्यात काय काय वाहत होतं ते लिहीत नाही. पूल उडालेला. पुलवाल्यांच्या तुकडीने दीड दिवसात लोखंड आणि फळ्यांचा नवा उभा केला. त्यांच्याकडे एक रीत होती. ज्याने पूल बांधला त्याने पहिली भरलेली गाडी जाताना पुलाच्या खाली उभं राहायचं. हुकूम नव्हता, कागदावर कुठेच नव्हतं. पण जो उभा राहिला नाही त्याच्या हातचा चहासुद्धा कोणी घेत नसे.

पहिली गाडी माझी. मला सांगितलं होतं, अर्धी टाकी आण. मी पलीकडच्या दोन दिवस तहानलेल्या माणसांचा विचार करत होते, नळाखाली गाडी लावली आणि गळ्यापर्यंत भरली. पुलाच्या मध्यावर गेल्यावर माझ्या लक्षात आलं. पूल हातभर खाली दबला. मागे जाता येत नव्हतं. मी गेले तशीच पुढे.

पाणी उतरवून परत आले तर खालून चिखलाने माखलेला एक माणूस वर आला. म्हणाला, "टाकी किती होती?"

"पूर्ण."

"अर्धी सांगितली होती."

"विसरले."

त्याने पुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाला, "मग पूल चांगला झालाय म्हणायचा."

एवढंच. आरडाओरडा नाही, तक्रार नाही. मी मनात म्हटलं, ज्याच्या डोक्यावरून आपण भरलेली टाकी नेली आणि जो स्वतःचं सोडून पुलाचं बोलला, तो संसाराला बरा. पुढे चाळीस वर्षं भांडण झालं की ते म्हणायचे, "अर्धी सांगितली होती." भाजीत मीठ जास्त झालं तरी तेच.

तर हा ओळंबा. भिंत सरळ आहे की नाही हे याने कळतं. पुलवाल्यांनी तो आयुष्यभर वापरला. तो ओढ्यावरच्या नव्या पुलाच्या ठेकेदाराला द्यावा, कारण त्याने तो एकदा तरी हातात धरावा अशी माझी इच्छा आहे. कशासाठी असतो ते त्याला कोणीतरी समजावून सांगावं.

कलम तिसरे. पदक आणि उशी.

लष्कराचं पदक स्वयंपाकघरात पंख्याच्या दोरीला बांधलेलं आहे. तिथे ते वजनाला उत्तम आहे. ते तिथेच राहू द्यावं. चौकटीत बसवून भिंतीवर लावलं तर मी येऊन पाडीन.

खुर्चीवरची पाठीला लावायची उशी माजी मंत्रिमहोदयांना द्यावी, ज्यांची पाठ दुखते. का, ते सांगते.

लष्करातून सुटल्यावर मी नगरपालिकेत टँकरवर लागले. वरच्या गल्लीत पाणी चढत नव्हतं आणि टँकरची फेरी मात्र तिथल्या नावाने रोज नगराध्यक्षाच्या बागेत रिकामी व्हायची. मी पंधरा दिवस ऐकून घेतलं. सोळाव्या दिवशी भरलेला टँकर नगरपालिकेच्या फाटकात आडवा लावला, किल्ली पोलक्यात टाकली आणि पायरीवर बसून भेंडी चिरायला घेतली. आत नगराध्यक्ष, बाहेर त्यांची गाडी. मुकादम आला, शिपाई आले, फौजदार आला. फौजदार म्हणाला, "बाई, किल्ली द्या." मी म्हटलं, "घ्या की." त्याची काही हिंमत झाली नाही. संध्याकाळी वरच्या गल्लीत पाणी गेलं. माझी नोकरीही गेली. पुढच्या निवडणुकीत त्याच गल्लीने मला नगरसेविका केलं.

दोन वेळा नगरसेविका, मग एकदा आमदार. विधानसभेत माझ्या शेजारी एक शिकलेले आमदार बसत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "शिक्षण?" म्हटलं, "तिसरी." म्हणाले, "अडचण येत असेल." म्हटलं, "झोप लागायची अडचण येते, तुमच्यासारखी बसल्या बसल्या जमत नाही."

चौथ्या वर्षी आमच्या जिल्ह्यात मोठा पूल झाला. मंत्रिमहोदय फीत कापायला येणार होते. मी सभागृहात उभी राहिले आणि म्हटलं, पूल पूर्ण झाल्याच्या कागदावर मंत्र्यांची सही आहे, तर पहिली भरलेली गाडी जाताना त्यांनी पुलाखाली उभं राहावं, गाडी मी चालवते. सगळे हसले. मंत्री हसले नाहीत. म्हणाले, माझी पाठ दुखते. मी म्हटलं, उभंच राहायचंय, पूल उचलायचा नाही.

पुढच्या वेळी पक्षाने मला तिकीट दिलं नाही. मी परत गावात येऊन अपक्ष म्हणून नगरपालिकेला उभी राहिले. वर्तमानपत्रवाला म्हणाला, "आमदार होऊन पुन्हा नगरपालिका? ही उतरती कळा नाही का?" मी म्हटलं, "गटार विधानसभेत तुंबत नाही बाबा, गल्लीत तुंबतं." ते त्याने छापलं, आणि मी निवडून आले. दोन वर्षांनी नगराध्यक्षा झाले.

पाठ अजून दुखत असेल तर उशी उपयोगी पडेल. धुऊन द्यावी.

(गुरुवार संपला. हात दुखायला लागला. पुढचं उद्या.)

शुक्रवार. कलम चौथे. पुलाखालचा ठराव.

ही मालमत्ता नाही असं वकीलसाहेब म्हणतात. माझ्या मते माझ्याजवळची सगळ्यात मोठी वस्तू हीच आहे.

नगराध्यक्षा झाल्यावर पहिल्या बैठकीत मी ठराव मांडला: या गावात जो कोणी पूल पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करील, त्याने पहिली भरलेली गाडी जाताना पुलाखाली उभं राहायचं. चार तास वाद झाला. एका मतावर पास झाला. त्यानंतर आमच्या अभियंत्याला एकाएकी सगळं स्पष्ट दिसायला लागलं. खडी चाळून घ्यायचा, लोखंड मोजून घ्यायचा, सिमेंटचं पोतं नाकाला लावून वास घ्यायचा. माझ्या वेळी चार पूल झाले. सही माझी, म्हणून चारही पुलांखाली मी उभी होते. पुलवाले काठावरून ओरडायचे, "मान खाली घाल, माती पडेल डोळ्यात!" चारही पूल अजून उभे आहेत आणि त्यांच्यावरून तुम्ही रोज जाता.

आता माझ्या मुलाकडे येते. मुलगा एकच. सध्या तोच या गावचा नगराध्यक्ष आहे. माझ्या नावावर निवडून आला असं लोक म्हणतात, पण ते पूर्ण खरं नाही. हुशार आहे, माणसांत मिसळतो, रागावत नाही. लहानपणी खोटं बोलला की उजवा कान चोळायचा. अजून चोळतो.

ओढ्यावरचा नवा पूल त्याच्या कारकिर्दीतला. त्या पुलामुळे इस्पितळात जायचा तीन मैलांचा वळसा वाचणार आहे. येत्या सोमवारी तो वाहतुकीला खुला होतो आहे. पहिल्याच दिवसापासून रुग्णवाहिका त्यावरून जाणार आणि शाळेची बसही.

महिन्यापूर्वी ठरावाप्रमाणे त्याची चाचणी झाली. मला पुढे खुर्ची दिली होती. मुलगा सगळ्यांसमोर खाली उतरला, पुलाखाली उभा राहिला, फोटोवाल्याकडे बघून हात हलवला. ठेकेदाराचा ट्रक आला. मागे ताडपत्री घट्ट बांधलेली. ट्रक पुलावरून गेला, टाळ्या झाल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

भरलेली गाडी कण्हते. रिकामी गाडी खडखडते. मागचं फळकूट, साखळ्या, खिळे, सगळं वाजतं. मी पस्तीस-चाळीस वर्षं गाडीत बसून हेच दोन आवाज ऐकले आहेत. आमचे चिरंजीव सगळ्या गावाची व्यवस्था करून आले, फक्त आईला कान आहेत हे विसरले.

घरी आल्यावर मी सहज विचारलं, "मागे काय भरलं होतं रे?"

"वाळू होती, आई."

"वाळू कधीपासून गायला लागली?"

त्याने उजवा कान चोळला आणि चहा न पिता गेला. तेव्हापासून घरी येत नाही. फोनवर म्हणतो, कामात आहे.

मी ठेकेदाराकडे गेले. तो म्हणाला, "आजी, तुमचा जमाना वेगळा होता. आता सगळं संगणकावर काढतात, पुलाखाली कोण उभं राहतं?" मी अभियंत्याकडे गेले. हा नवा आहे. त्याने दार उघडलं आणि बूट घालून माझ्या समोरून निघून गेला. नगरपालिकेत अर्ज दिला, त्यावर शिक्का पडला. मी आता कोणत्याही पदावर नाही. माझ्या हातात काय उरलं? माझं घर. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम पाचवे. घर.

घर तीन खोल्यांचं, वर गच्ची, मागे अंगण. पुढच्या खोलीत लांब बाक आहे. त्यावर बसून या गावातल्या निम्म्या माणसांनी माझ्याकडे तक्रारी सांगितल्या आहेत. बाकाशेजारी तक्रारवही. माझा नियम असा, की तक्रार ज्याची त्याने स्वतःच्या हाताने लिहायची. लिहिता येत नसेल त्याला मी शिकवायचे. माणूस बोलताना वाढवून सांगतो, पण लिहायला बसला की खरं तेवढंच उतरतं, कारण हात दुखतो. आज मलाही तो अनुभव येतो आहे.

हे घर मी माझ्या मुलाला देते, पण एका अटीवर. ओढ्यावरच्या नव्या पुलावरून हत्तीण टाकी गळ्यापर्यंत भरून नेली जाईल, आणि त्या वेळी त्याने पुलाखाली उभं राहावं. पूल राहिला तर घर त्याचं. तो उभा राहिला नाही, तर घर रुग्णवाहिकेच्या चालकांना विश्रांतीसाठी जावं, बाकासकट.

गाडी मी स्वतः चालवणार. सोमवारी सकाळी आठ वाजता, फीत कापायच्या आधी.

वकीलसाहेबांनी हे कलम वाचलं आणि चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बाई, ही तर धमकी झाली."

"नाही, अट आहे. तुम्हीच म्हणालात मृत्युपत्रात अट घालता येते."

"आणि पूल पडला तर?"

"तर मृत्युपत्र लगेच वापरायला मिळेल. म्हणून तर आधी लिहून ठेवते."

माझ्या सुनेला सोन्याच्या बांगड्या, शिवणयंत्र आणि माझी माफी. माफी याची, की तिचा नवरा मी वाढवला.

बँकेत जे काही असेल त्याचं डिझेल भरावं.

(शुक्रवार संपला. मन अगदी हलकं झालं आहे. इतकी मजा शेवटच्या निवडणुकीतसुद्धा आली नव्हती.)

शनिवार. आज काही लिहिणार नव्हते, पण जे घडलं ते लिहिल्याशिवाय पाचवं कलम पुरं होत नाही.

सकाळी नात आली. तिने कालची पानं वाचली. वाचून झाल्यावर म्हणाली, "आजी, सोमवारी पहिली पाळी माझी आहे. रुग्णवाहिका त्या पुलावरून न्यायचा हुकूम आलाय."

"तुझ्या बापाला माहीत आहे?"

"त्यांना माझ्या पाळ्या कधी माहीत असतात?"

मी म्हटलं, "जा. हे पान घेऊन जा आणि त्याच्या हातात दे. बोलू नकोस काही."

तासाभराने तो आला. महिन्याने आला. दारातच उभा राहिला, पान हातात.

"आई, हे काय लिहिलंयस?"

"वाच की. शाळेत घातलं होतं तुला."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, बाईने घर दिलं. तू उभा राहणार आहेस ना? मागच्या वेळी राहिलास की. फोटो छान आला होता."

"राहीन. त्यात काय. राहतो उभा." कान चोळला नाही. मला जरा आश्चर्य वाटलं. मग म्हणाला, "पण गाडी तू चालवायची नाहीस."

"का?"

"तुझं वय झालंय."

"काल मी बाजारातून उलटी काढली हत्तीण, भाजीवाल्याची एक जुडी हलली नाही."

"दुसरा कोणी चालवेल, आई. ठेकेदाराचा माणूस चालवेल."

"त्याला आई नाही का?"

त्याने हातातल्या पानाची घडी घातली.

मी म्हटलं, "टाकी गळ्यापर्यंत भरणार आहे. भरलेली टाकी खडखडत नाही, तेव्हा तुला काळजी नको."

"आई, नको नेऊस."

"तू खाली उभा राहायला तयार आहेस, मग मी वर का नको?"

"मी राहीन गं खाली. माझं मी बघेन. पण तू नको जाऊस त्याच्यावर."

"आणि सोमवारी रुग्णवाहिकेत कोण आहे ते ठाऊक आहे?"

त्याने मागे नातीकडे बघितलं. ती दारात गणवेशात उभी होती, गळ्यात ओळखपत्र. तिने नुसती मान हलवली. तेव्हा तो खाली बसला. कुठे बसला ते मुद्दाम लिहिते: बाकावर. चाळीस वर्षं त्या बाकावर लोक बसले, पण तो कधी बसला नव्हता. लहानपणीसुद्धा म्हणायचा, ते तक्रारवाल्यांचं आहे.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मधल्या खांबाचा पाया खडकापर्यंत गेलेला नाही. पाणी लागलं म्हणून ठेकेदाराने वरच थांबवला. अभियंत्याला माहीत होतं. मुलाला दोन महिन्यांपासून माहीत होतं. उद्घाटनाची तारीख ठरलेली, पाहुणे ठरलेले, पुढच्या वर्षी त्याला विधानसभेचं तिकीट मिळायचं होतं. ठेकेदार म्हणाला, पडत नाही हो, उगाच घाबरता, पावसाळ्यानंतर बघू. याने सही केली.

"ट्रक रिकामा आणायला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"मीच."

"घाबरलास?"

"घाबरलो," तो म्हणाला. "खाली उभा राहिलो तेव्हा रिकाम्यालासुद्धा घाबरलो."

मी त्याला रागावणार होते. कालपासून तयारी केली होती, चांगली वाक्यं काढून ठेवली होती. पण तो घाबरलो म्हणाला आणि मला पुलवाले आठवले. त्यांनी एकदा मला सांगितलं होतं की खाली उभं राहताना त्यांचे पाय प्रत्येक वेळी लटपटायचे. मी विचारलं होतं, मग उभं का राहता? ते म्हणाले, लटपटले नसते तर पूल नीट बांधला नसता.

मी तक्रारवही काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"लिही. स्वतःच्या हाताने."

"आई, हे लिहिलं की तिकीट गेलं."

"माझंही गेलं होतं. घरी आले, जेवले, झोपले. लिही."

त्याने लिहिलं. आधी एक वाक्य खोडलं, ज्यात "असे समजते की" होतं. मग सरळ लिहिलं, पाया खडकापर्यंत नाही, चाचणीचा ट्रक रिकामा होता, पूल सुरू करू नये. खाली सही, खाली नगराध्यक्ष. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे, शिकूनसुद्धा.

दुपारी त्याने पूल बंद ठेवण्याचा हुकूम काढला. चार वाजेपर्यंत ठेकेदार, पक्षाची दोन माणसं आणि ते उशीवाले माजी मंत्री, इतक्यांचे फोन आले. सोमवारी सकाळी फीत कापायचीच असं त्यांनी परस्पर ठरवलं आहे. अभियंत्याने हुकूम घ्यायला दार उघडलं नाही. माझा मुलगा फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आता?"

मी म्हटलं, "आता हत्तीण."

रविवार. पुरवणी.

कलम पाच मी खोडत नाही. अट जशीच्या तशी राहील. फक्त दिवस बदलते. मधला खांब खडकापर्यंत नव्याने उभा राहील त्या दिवशी माझा मुलगा पुलाखाली उभा राहील आणि हत्तीण वरून जाईल. मी असले तर मी नेईन. नसले तर नात नेईल. कोणी अर्धी टाकी सुचवली तर त्याचं ऐकू नये.

मुलाने हे वाचलं आहे. म्हणाला, "राहीन उभा. पाय लटपटले तर हसू नकोस." मी तसं वचन दिलेलं नाही.

माझ्या मुलाच्या निवडणुकीत कोणी माझा फोटो, माझा लष्करी नंबर किंवा हत्तिणीचं चित्र वापरू नये. पुढे तो पडला तर पडू द्यावा. पडून परत नगरपालिकेत येता येतं, मला रस्ता ठाऊक आहे.

यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. यापुढे केलं तर फक्त ठेकेदाराला आणखी काहीतरी द्यायचं आठवलं म्हणून करीन.

हे सर्व मी राजीखुशीने, स्वतःच्या हाताने, चष्मा लावून लिहिलं. खालच्या दोघांनी मला सही करताना पाहिलं. या मृत्युपत्रात दोघांनाही काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितलं आहे. तरीही ते आले.

साक्षीदार पहिला: डॉक्टर (बटणं आज बरोबर लावली आहेत)

साक्षीदार दुसरा: कोपऱ्यावरचा शिंपी, वरच्या गल्लीतला, टँकर आडवा लावला त्या संध्याकाळी ज्याच्या घरी पहिल्यांदा पाणी आलं

सही: ड्रायव्हरबाई

ठिकाण: पुढची खोली, बाकावर

दिनांक: ज्या सोमवारी पूल सुरू होणार होता, त्याच्या आधीचा रविवार, सकाळी साडेदहा

शेवटी उद्याची नोंद आजच करून ठेवते, म्हणजे मला शोधायला कोणाला धावपळ नको:

गाडी: हत्तीण.
माल: पाणी, गळ्यापर्यंत.
जायचं ठिकाण: पुलाच्या अलीकडच्या तोंडाशी. आडवी लावणार. शेजारी मुलगा बसेल, किल्ली माझ्या पोलक्यात.
परत येण्याची वेळ: खांब खडकाला टेकेल तेव्हा.